वाघ गेले म्हणून सर्कस गेली का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या लहानपणी दिवाळी झाली की तालुक्याच्या गावी सर्कस यायची, तिचा सर्चलाइट रात्री घराच्या गच्चीवरून दिसायचा, आणि आज तुमच्या मुलीने सर्कस पाहिलेलीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाघ-सिंहांवर बंदी आली म्हणून सर्कस बुडाली हे खरं का, आणि जुन्या सर्कशीतलं काही जपायचं असेल तर बाहेरच्या माणसाने काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

मी सर्कशीत ३१ वर्षं काढली. आधी झुल्यावर फ्लायर, म्हणजे हवेत झेप घेणारा, होतो, पुढे खांदे भरल्यावर कॅचर, म्हणजे समोरून येणाऱ्याला झेलणारा, झालो आणि शेवटची काही वर्षं नव्या कलाकारांना शिकवलं. त्यामुळे माझं उत्तर झुल्यावरून दिसलेलं आहे. एखादा मालक किंवा प्राणी सांभाळलेला माणूस हेच वेगळ्या क्रमाने सांगेल.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, लोक का येईनासे झाले. दुसरा, जे येतात त्यांना दाखवायची कला कोणाच्या हातात उरली आहे. पहिल्यावर सगळे बोलतात, दुसऱ्यावर फारसं कोणी बोलत नाही. मला काळजी आहे ती दुसऱ्याची.

आधी बंदीबद्दल. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या पाच प्राण्यांना खेळासाठी शिकवायला आणि त्यांचे खेळ करायला मनाई करणारी केंद्र सरकारची अधिसूचना १९९८ सालची. सर्कशींच्या बाजूने तिला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली ती उचलून धरली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयानेही. त्यानंतरचे दोन-तीन हंगाम मला चांगले आठवतात. बाप पोराचं बोट धरून तिकीट खिडकीशी यायचा, "वाघ आहे का?" विचारायचा आणि नाही म्हटलं की वळून जायचा. गर्दीला फटका बसला, यात वाद नाही.

तरीही ती बंदी योग्य होती असं मी म्हणतो, आणि तंबूत असतानाही म्हणायचो. मुक्काम हलवताना मे महिन्यात रेल्वेच्या सायडिंगला पिंजरे तासन्‌तास उभे असायचे. आम्ही आळीपाळीने बादलीने पिंजऱ्यांच्या छतावर पाणी मारायचो. पत्र्यावरून वाफ निघायची आणि आत सिंहीण जीभ बाहेर काढून धापा टाकत पडलेली असायची. ज्याने ते पाहिलंय तो ते दिवस परत यावेत असं म्हणणार नाही.

शिवाय सर्कशीचं मूळ वाघात नव्हतंच. १७६८ साली लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या घोडेस्वाराने गोल रिंगणात खेळ सुरू केले, तिथून आजच्या सर्कशीची सुरुवात मानतात. त्याच्या खेळांतून रिंगणाचा व्यास पुढे ४२ फुटांवर ठरला. तो आकार घोड्याच्या चालीतून आला आहे. एवढ्या गोलात दौडणारा घोडा आत कलतो आणि पाठीवर उभ्या माणसाला त्या कलण्याचा आधार मिळतो. गोल लहान केला तर घोडा अडखळतो, मोठा केला तर माणसाचा आधार सुटतो. घोडे नसलेल्या कितीतरी सर्कशींनीही पुढे हेच माप पाळलं, कारण कलाकारांचे पाय आणि प्रेक्षकांच्या नजरा त्याला सरावलेल्या होत्या.

आपल्याकडची सुरुवातही घोड्यांपासूनच झाली. विष्णुपंत छत्रे सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचे. कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे ते चाबूकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारे, होते. किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली तेव्हा, हिंदुस्थानातल्या माणसांना हे जमायचं नाही, असा सूर त्याने लावल्याचं सांगतात. छत्र्यांनी १८८० साली स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. हेच छत्रे ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते आणि पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ यांना सांभाळलं. घोडा आणि गाणं दोन्ही ज्याच्या अंगात होतं अशा माणसाने ही परंपरा सुरू केली, याचा मला फार अभिमान वाटतो.

छत्र्यांची सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीला गेली. तिथे कीलेरी कुन्हीकण्णन नावाचे व्यायामशिक्षक होते. त्यांना या खेळांनी झपाटलं. छत्र्यांच्या सर्कशीला कसरतपटू शिकवून द्यायचे, अशी दोघांत बोली झाली, आणि १९०१ साली कुन्हीकण्णन यांनी तलश्शेरीजवळ चिरक्कर इथे सर्कशीची शाळाच काढली. पुढे कित्येक दशकं भारतातल्या बहुतेक सर्कशींचे कलाकार त्या परिसरातून आले. मराठी बाजूला देवल, कार्लेकर, शेलार या सर्कसवाल्यांची नावं झाली. शेलारांचे भाचे दामू धोत्रे हे १९०२ साली पुण्यात जन्मलेले. अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-सिंहांबरोबर काम करून त्यांनी नाव कमावलं.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की त्यात एक गोष्ट सारखी दिसते. सर्कस जिथे वाढली तिथे शिकवण्याची सोय आधी झाली होती. सांगलीकडचे घोडेवाले, तलश्शेरीची शाळा, महाराष्ट्रातल्या तालमी आणि त्यांतला मल्लखांब, आणि त्याही आधीपासून दोरावर चालणारे डोंबारी. शिकवणारा हात होता म्हणून सर्कस होती. मग तो हात सुटला कुठे?

माझ्या काळात शाळा नव्हती, तंबू होता. सकाळी साडेपाचला रिंगणात उतरायचं आणि उन्हाने तंबू तापेपर्यंत सराव करायचा. बहुतेकजण आठ-दहा वर्षांच्या वयात लागलेले असत, कारण पाठ वळवायला तेच वय सोपं. यात फार अन्याय झाला. नेपाळातून, गरीब भागांतून मुलं आणली जायची. आई-बापांच्या हातावर थोडे पैसे ठेवले जायचे आणि पोर वर्षानुवर्षं घरी जायचं नाही. मी ज्या एका कंपनीत होतो तिथे रात्री मुलींच्या तंबूला बाहेरून कुलूप लागायचं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवणं बंद झालं. ते होणं गरजेचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण मुलांना तंबूतून सोडवल्यावर कला शिकायची दुसरी जागा उभी राहायला हवी होती. रशियाने १९२७ सालीच मॉस्कोत सरकारी सर्कस शाळा काढली होती. आपल्याकडे केरळ सरकारने २०१० साली तलश्शेरीला अकादमी सुरू केली, पण ती टिकली नाही. त्यामुळे आज झुल्यावर येणारा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, त्याची पाठ आणि खांदे घट्ट झालेले असतात, आणि मालकाला तो दोन महिन्यांत शोमध्ये हवा असतो. माझ्या हिशेबाने सुरक्षित फ्लायर तयार व्हायला निदान दोन वर्षं लागतात. कॅचरला त्याहून जास्त.

कॅचरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण प्रेक्षक सहसा फ्लायरकडे बघतात. कॅचर उलटा लटकतो, पाय झुल्याच्या दोरांना वळसा घालून घट्ट केलेले. त्याचा झोका आधी सुरू होतो आणि फ्लायरने उंचावरच्या फळीवरून निघायची हाक तोच देतो. दोन झोके वर एकमेकांजवळ यावेत इतक्या अचूक वेळी ती हाक जावी लागते. अर्धा श्वास उशीर झाला तर फ्लायर पोचतो तेव्हा कॅचर मागे जात असतो. आणि पकड पंजाची नसते, मनगटाची असते. फ्लायरचं मनगट माझ्या मुठीत आणि माझं त्याच्या मुठीत. घामाने एक पकड सैल झाली तरी दुसरी राहते. फ्लायरने मला पकडायला हात मारायचे नसतात. हात ताणून स्थिर धरायचे, पकडायचं काम माझं. नव्या मुलाला हे पटायला महिने जातात, कारण पडताना समोर दिसेल ते धरावं असं अंगच सांगतं. म्हणून आम्ही आधी पडायला शिकवायचो. जाळीत पाठीवर पडायचं, हनुवटी छातीला, हात अंगाशी. हातावर पडला तर मनगट जातं, पायावर पडला तर गुडघा.

एका मुक्कामाला मालकाने घाई केली आणि चार महिने शिकलेल्या मुलाला रविवारच्या शोमध्ये चढवलं. त्याने हवेत हात मारले. माझ्या बोटांना त्याची बोटं लागली, मनगट लागलं नाही. तो जाळीच्या कडेवर पडला आणि त्याचं कोपर निखळलं. जाळी होती म्हणून वाचला. त्या रात्री मी मालकाला सांगितलं की यापुढे कोण चढणार हे मी ठरवणार, नाहीतर मी चाललो. त्याने ऐकलं. प्रत्येक कंपनीत ऐकत नसत.

ही विद्या कागदावर नाही. तंबूची विद्याही नाही. आमच्या टेंट मास्टरने, म्हणजे तंबू उभारणाऱ्यांच्या प्रमुखाने, मला एकदा मध्यरात्री उठवलं होतं. परभणीकडचा मुक्काम, काळी माती, अवेळी पाऊस. मला वाटलं दोर घट्ट करायला बोलावलं असेल. त्याने एक दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "ढिला कर." त्या वेळी दोर ताग-काथ्याचे असायचे. भिजले की फुगतात आणि लांबीला आखडतात. आखडलेला दोर ओल्या काळ्या मातीतून मेख उपटतो. एक मेख गेली की शेजारचीवर ताण येतो आणि एक-एक करत सगळी बाजू बसते. पहाटेपर्यंत आम्ही सगळे खलाशी, म्हणजे तंबूचे कामगार, आणि कलाकार गोल फिरत दोर सोडत होतो. सकाळी ऊन पडल्यावर तेच दोर पुन्हा ओढले. मुरमाड जमिनीत मेख किती तिरकी मारायची, काळ्या मातीत ती किती लांब हवी, चौघांनी एका मेखेवर घण आळीपाळीने कसा घालायचा, हे त्याला माहीत होतं. नंतर नायलॉनचे दोर आणि प्लास्टिकचं कापड आलं. ते भिजून तितकं आखडत नाही, हे चांगलंच झालं. पण जमीन वाचायची त्याची नजर पुढच्या कोणी घेतली नाही.

जोकर आणि बँड यांच्याबद्दलही लोकांचा गैरसमज असतो. जोकर मधल्या वेळात हसवायला येतो, एवढंच वाटतं. तो येतो तेव्हा मागे खलाशी जाळी बांधत असतात, आणि त्याची एक नजर त्यांच्या हातांवर असते. कप्पी अडकली तर तो आयटम लांबवतो, जाळी ताणली गेल्याची खूण मिळाली की दोन उड्यांत आवरतो. अंधार-उजेडात, हशा चालू असताना हे साधायचं. माझ्या पाहण्यातले सगळ्यात हुशार कलाकार जोकरच होते.

आणि बँड. जिवंत बँड कलाकाराकडे बघून वाजायचा. पहिली उडी चुकली तर ढोल तसाच घुमत राहायचा, कलाकार पुन्हा फळीवर चढेपर्यंत. आता गाणं रेकॉर्डवर लागतं आणि ते कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या प्रयत्नाला संगीत उरणार नाही हे कलाकाराला माहीत असतं, म्हणून तो घाई करतो. खर्च वाचवायला पहिला बँड गेला. मालकाची अडचण मला कळते, पण जोखीम कलाकाराच्या अंगावर आली.

आता तुमच्या गावी सर्कस का येत नाही, ते थोडक्यात. तंबू उतरवून, ट्रक भरून, दुसरीकडे उभा करायला तीन-चार दिवस जातात. त्या दिवसांत उत्पन्न शून्य, पण माणसांचं जेवण आणि पगार चालूच. म्हणून मुक्काम लांबला तरच परवडतं, आणि त्यासाठी महिनाभर मोकळं मैदान लागतं. तालुक्याच्या गावातली तशी मैदानं आता बांधली गेली, किंवा प्रदर्शनं, सभा, लग्नं यांना एक-दोन दिवसांच्या चढ्या भाड्याने जातात. त्यावर नगरपालिका, पोलीस, अग्निशमन, वीज असे प्रत्येक गावी नव्याने परवाने. पावसाळ्याचे महिने कोरडे जातात. २०२० सालच्या टाळेबंदीत होते ते तंबूही महिनोन्‌महिने जागच्या जागी अडकले. रॅम्बो सर्कसने त्या काळात ऑनलाइन प्रयोग करून दाखवला, पण गॅलरीत बसलेल्या माणसाचा थांबलेला श्वास मोबाइलवर मिळत नाही.

म्हणजे इथवरचा हिशेब असा: वाघ गेल्याने काही प्रेक्षक गेले, मैदानं गेल्याने मुक्काम गेले, आणि शिकवण्याची जागा न उरल्याने कला पातळ झाली. पहिलं परत आणायचं नाही. दुसरं तुमच्या गावात किती शक्य आहे ते तिथल्या मैदानावर आणि पालिकेवर अवलंबून आहे. तुम्ही दहा-वीस जण एकत्र येऊन परीक्षा संपल्यानंतरच्या सुट्टीत मैदान सलग मिळावं म्हणून अर्ज केलात आणि कंपनीच्या मॅनेजरला आधी कळवलंत, तर फरक पडतो. मी असे दोन मुक्काम गावकऱ्यांच्या खटपटीने झालेले पाहिले आहेत.

तिसऱ्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता मला मल्लखांबात दिसतो. पेशवाईत बाळंभट्टदादा देवधरांनी रुजवलेली ही विद्या आपल्याकडे अजून जिवंत आहे. मुलं शाळा सांभाळून, घरी राहून, पालकांच्या डोळ्यांसमोर ती शिकतात. दोरीचा मल्लखांब नीट शिकलेल्या मुलीची पकड, पोटाची ताकद आणि उलटं लटकून शांत राहायची सवय आधीच तयार असते. मी शिकवलेल्यांत अशा दोघी होत्या. अठराव्या वर्षी आल्या, आणि इतरांना दोन वर्षांत जमतं ते त्यांना आठ महिन्यांत जमलं. तुमच्या मुलीला आवड असेल तर सर्कस शोधण्याआधी चांगली तालीम शोधा. प्रशिक्षक खाली गादी ठेवतो का, आणि घाबरलेल्या मुलाला खाली उतरू देतो का, एवढं तिथे आधी बघा. पुढे तिने सर्कशीत जावं की नाही हे तिने मोठं झाल्यावर ठरवावं.

आणि तुम्ही स्वतः करू शकाल असं एक काम आहे, ज्याला फार वेळ उरलेला नाही. निवृत्त झालेली सर्कशीची माणसं मिरज-सांगलीकडे, पुण्यात, तलश्शेरीत, गावोगाव आहेत. बहुतेकांना कोणी काही विचारलेलं नाही. पत्रकार आला तर वाघाचा किस्सा विचारतो आणि जुना फोटो घेऊन जातो. तुम्ही हातांचं विचारा. गाठ कशी मारायची ते दोर देऊन करून दाखवायला सांगा आणि फक्त हातांचा व्हिडिओ घ्या, चेहरा नंतर. कॅचरला विचारा हाक कधी द्यायची, आणि तोंडाने सांगता आलं नाही तर खुर्चीत बसून झोका मोजून दाखवायला सांगा. बँडमधल्याला ढोलावर तो घुमता ठेका वाजवायला सांगा. बायकांना वेगळं भेटा, शक्यतो एखाद्या बाईने भेटावं. पोशाख कोण शिवायचं, बाळंतपणानंतर किती दिवसांत झुल्यावर चढावं लागलं, हे त्या पुरुषांसमोर सांगत नाहीत. नाव जाहीर करायचं की नाही ते प्रत्येकाला विचारा. लहानपणी फसवून आणलेले अनेकजण आहेत, त्यांना ते दिवस उकरायचे नसतील तर तिथेच थांबा.

चालू सर्कस जवळपास कुठे लागली तर शो संध्याकाळी बघा, पण सकाळी जाऊन मॅनेजरची परवानगी घ्या आणि सराव बघा. पहिल्या दिवशी वही काढू नका, गॅलरीत नुसते बसा. दुसऱ्या दिवशी टेंट मास्टर कोण ते विचारा. तो कुठेतरी मेखांजवळ असेल, पायाने माती दाबून बघत. त्याला विचारा, या जमिनीत मेख किती खोल घातलीत आणि का. तिथून पुढे तो स्वतःच बोलेल.